मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : पाण्याच्या वाटणीचा विचार करणारा अभियंता

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी साध्य व्हाव्यात अशी अपेक्षा आहे.

- विश्वेश्वरय्या यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
- महाराष्ट्रातील त्यांच्या जलसिंचनविषयक कामाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
- थोर व्यक्तीचे कर्तृत्व आणि तिच्या विचारांच्या मर्यादा यांचा एकत्रित विचार करता येईल.
- चरित्रातील प्रश्न स्वतःच्या परिसराला लावून पाहता येतील.

१. प्रस्तावना

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंत आणि तिच्यामागे पसरलेला जलाशय उभा राहतो. धरणाचे चित्र काढायला सांगितले तर कोणीही हेच चित्र काढील. परंतु त्या भिंतीतून निघालेले पाणी पुढे कोणाच्या शेतात जाते, किती जाते आणि कोणाच्या शेतापर्यंत पोहोचतच नाही, हे त्या चित्रात दिसत नाही. पाणी साठवणे हे सिंचनाचे अर्धे काम होय. साठवलेले पाणी वाटणे हे उरलेले अर्धे काम आणि तेच अधिक अवघड आहे.

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या जगण्यातला आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव उदाहरणादाखल घ्या. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि उत्तरेला पूर्णेचे खोरे, अशा मधल्या पट्ट्यातले हे जुने गाव. या डोंगरांतून निघणाऱ्या नळगंगा आणि विश्वगंगा या नद्या पूर्णेला जाऊन मिळतात. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे इथले प्रवाह उन्हाळ्यात कोरडे पडतात. चार महिन्यांचे पाणी बारा महिन्यांना पुरवायचे, ही इथल्या शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विवंचना आहे. अशा गावात राहून शिकणाऱ्या वाचकाने विश्वेश्वरय्यांचे चरित्र का वाचावे, याचे उत्तर या विवंचनेत आहे.

विश्वेश्वरय्या हे नाव आपण बहुधा कर्नाटकाशी जोडतो. कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद आणि भारतरत्न हा सन्मान एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या नोकरीची सुमारे चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली आणि त्यांतील बराच काळ मराठी मुलखात, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. प्रस्तुत घटकात आपण त्या काळाकडे विशेष लक्ष देणार आहोत.

२. बालपण आणि शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. काही ठिकाणी जन्मवर्ष १८६० असेही दिलेले आढळते. घराणे तेलुगू भाषिक ब्राह्मणाचे. ‘मोक्षगुंडम’ हे त्यांच्या पूर्वजांच्या आंध्रातील गावाचे नाव. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. मुलगा शाळेत असतानाच वडिलांचे निधन झाले आणि घरची परिस्थिती ओढग्रस्तीची झाली.

पुढे बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना त्यांनी शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवला. मद्रास विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवल्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकण्यास आले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नेमणूक मिळत असे. त्यानुसार १८८४ साली ते सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिक येथे होती.

येथे एक बाब ध्यानात घ्या. घरची भाषा तेलुगू, परिसराची भाषा कन्नड, शिक्षणाची भाषा इंग्रजी आणि नोकरीच्या मुलखाची भाषा मराठी, अशा चार भाषांच्या व्यवहारात हा तरुण वावरला. ज्या शेतकऱ्यांसाठी कालवे काढायचे त्यांच्या बोलीतले पाणी, पाट, पाळी आणि चारी हे शब्द कानी पडल्याखेरीज त्याच्या कामाचा दिवस जात नसणार.

३. खानदेशातील उमेदवारी

नाशिकनंतर त्यांना खानदेशात काम मिळाले. धुळे परिसरात पांझरा नदीच्या खोऱ्यातील दातर्ती या गावी एका पाटाचे पाणी नळाच्या साहाय्याने प्रवाहाच्या पलीकडे नेण्याचे हे काम होते. पाणी एका बाजूने खाली उतरवून पात्राखालून न्यायचे आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरकाच्या जोरावर पलीकडे पुन्हा वर आणायचे, अशी ही रचना असते. तिला वक्रनलिका असे म्हणतात.

काम चालू असताना पावसाळा आला. पुरामुळे पात्रात गाळ साचू लागला, म्हणून पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे तरुण अभियंत्याने सुचवले. वरिष्ठांना ते पसंत पडले नाही आणि त्यांनी नाराजी कळवली. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही. अडचणीतून मार्ग काढत त्यांनी ते काम पुरे केले. हाती घेतलेले काम ठरल्या वेळी पूर्ण करण्याची जी शिस्त पुढे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, तिची पहिली कसोटी खानदेशात लागली.

याच खोऱ्यात आणखी एक गोष्ट होती आणि तिचा पुढील विवेचनाशी संबंध आहे. पांझरा, गिरणा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत ‘फड’ नावाची जुनी सिंचनपद्धती चालत असे. नदीवर बंधारा घालून पाट काढायचा. त्याच्याखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे. प्रत्येक भागाला फड म्हणत. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे. उसाचा फड पुढच्या वर्षी दुसऱ्या पिकाचा होई. पाणी देण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या आणि देखरेखीसाठी हवालदार असे गावानेच नेमलेले लोक असत. आपल्या रानात काय पेरावे हे शेतकरी एकटा ठरवत नसे. पाणी सामाईक असल्यामुळे पीकही सामाईक विचाराने ठरत असे.

४. सक्करचा पाणीपुरवठा

१८९४-९५ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांना सिंध प्रांतातील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम देण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होता. सिंधू नदीचे पाणी विपुल होते, पण अतिशय गढूळ. ते गाळण्यासाठी मोठी गाळणकुंडे बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. तेव्हा नदीच्या वाळूच्या पात्रातच विहीर खोदून वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी वर उचलण्याची योजना त्यांनी अमलात आणली. वाळू हीच गाळणी झाली.

पैसा कमी असताना निसर्गात जे आहे त्याचाच उपयोग करून घ्यायचा, ही त्यांची रीत येथे दिसते. उन्हाळ्यात कोरड्या नदीत झिरा उकरून पिण्याचे पाणी काढणाऱ्या आपल्याकडील माणसाला या योजनेचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

५. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे

सक्करनंतर ते पुणे परिसरात आले. मुठा नदीवरील खडकवासला धरणाचे पाणी पुणे शहराला आणि कालव्यांच्या शेतीला जात असे. पावसाळ्यात धरण भरले की सांडव्यावरून दरवर्षी बरेच पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. धरणाची उंची वाढवली तर खर्च मोठा होता आणि जुन्या भिंतीवर भार वाढण्याची भीती होती.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर बसवण्यासाठी विशेष दरवाजांची रचना तयार केली. जलाशयाची पातळी ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की पाण्याच्याच भाराने दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. त्यासाठी रात्रंदिवस माणूस उभा करण्याची गरज उरली नाही. मूळ भिंतीला हात न लावता सांडव्याच्या पातळीपेक्षा सुमारे ८ फूट अधिक पाणी अडवता येऊ लागले आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. विसाव्या शतकाच्या आरंभी हे दरवाजे बसवले गेले. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही या रचनेचा उपयोग झाला. विश्वेश्वरय्यांनी तिचे स्वामित्वहक्क नोंदवले होते. मात्र सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचा वेगळा मोबदला घेणे त्यांनी नाकारले.

नव्या धरणाआधी जुन्या धरणातून वाया जाणारे पाणी पाहावे, हा या कामातला धडा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फोडले. पुण्यावर आलेले हे संकट घडले तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. निसर्गाच्या शक्तीपुढे माणसाचे बांधकाम किती कायम राहते, याचा विचार या घटनेने आपल्यालाही करावा लागतो.

६. नीरा कालवा आणि ब्लॉक पद्धत

आता आपण या चरित्रातील मध्यवर्ती भागाकडे येतो. १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुणे सिंचन विभागाचे कार्यकारी अभियंता होते. भाटघर येथे येळवंडी नदीवर धरण बांधून नीरेच्या डाव्या तीरावर कालवा काढण्यात आला होता. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या अवर्षणग्रस्त भागांना दुष्काळात आधार व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

प्रत्यक्षात अडचण वेगळीच निघाली. पाऊस चांगला झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसत, कारण पाणीपट्टी भरण्याची गरजच वाटत नसे. पाऊस हुकला की सर्वांनाच एकाच वेळी पाणी हवे असे. सरकारला चांगल्या वर्षी महसूल मिळत नसे आणि वाईट वर्षी पाणी पुरत नसे. त्यातच कालव्याच्या मुखाजवळचे शेतकरी ऊस लावून भरपूर पाणी घेत. शेवटच्या टोकाच्या गावांपर्यंत पाणी पोहोचत नसे. आजही कालव्याच्या त्या टोकाला शेतकरी ‘टेल’ म्हणतात आणि टेलच्या शेतकऱ्याची तक्रार तेव्हाइतकीच ताजी आहे. दुसरीकडे वरच्या भागात अति पाण्यामुळे जमिनी चिबड होऊ लागल्या. साचलेल्या पाण्यामुळे हिवताप वाढण्याचीही भीती होती.

यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. तिची रूपरेषा अशी. कालव्याचा लाभ थोड्या गावांत न साठवता अधिक गावांत पसरायचा. प्रत्येक गावात मात्र पाणी कुठेही न देता, योग्य जमीन आणि निचरा पाहून निवडलेल्या ठरावीक क्षेत्रातच द्यायचे. हेच ब्लॉक. ब्लॉकमधील सुमारे एक तृतीयांश क्षेत्रात ऊस, एक तृतीयांशात भातासारखे मध्यम पाण्याचे पीक आणि उरलेल्यात ज्वारीसारखे कमी पाण्याचे पीक, अशी वाटणी करायची. ही पिके क्रमाने फिरवायची, म्हणजे जमिनीचा कस टिकतो. शेतकऱ्याशी एकदम काही वर्षांचा करार करायचा. त्याला पाण्याची खात्री मिळते आणि सरकारला पट्टीची.

फड पद्धत आठवते का? क्षेत्राचे भाग पाडणे, पिकांची फेरपालट करणे आणि पाण्याला पिकाशी बांधून टाकणे ही तत्त्वे खानदेशातील गावकऱ्यांच्या व्यवस्थेतही होती. फरक एवढाच की फडाचा कारभार गावाच्या हाती होता आणि ब्लॉकचा कारभार सरकारी खात्याच्या हाती. हा फरक लहान नाही. तुम्ही तो नीट नोंदवून ठेवा.

ऊस लावणाऱ्या बागायतदारांनी ब्लॉक पद्धतीला विरोध केला. मनाला येईल तिथे आणि मनाला येईल तितके पाणी घेण्याची सवय मोडणे कोणाला आवडेल? विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांना भेटून योजनेमागचा हिशेब समजावून दिला आणि हळूहळू ती स्वीकारली गेली. १९०१ साली नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगापुढेही त्यांनी तिची मांडणी केली आणि आयोगाने तिची दखल घेतली.

आज महाराष्ट्रात कालव्याचे पाणी देण्याच्या पद्धतीसाठी ‘शेजपाळी’ हा शब्द रूढ आहे. शेजारून शेजाऱ्याकडे क्रमाने जाणारी पाळी, असा त्याचा अर्थ. मराठी भाषेने एका शब्दात शेजार आणि न्याय यांची सांगड घातली आहे. पाणी शेजाऱ्याकडून येते आणि शेजाऱ्याकडे जाते, ही जाणीव त्यात आहे.

ब्लॉक पद्धतीने सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच नीरा खोऱ्यातील जमिनी खारवू लागल्या होत्या आणि १९१० च्या सुमारास पुण्याच्या कृषिशास्त्रज्ञांना त्यांचा अभ्यास करावा लागला. पुढे या भागात उसाचे क्षेत्र वाढत गेले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. उसाला आवर घालून पाणी पसरवण्याचा जो विचार या पद्धतीच्या मुळाशी होता, तो साखरेच्या अर्थकारणापुढे टिकला नाही.

७. निवृत्ती, हैदराबाद आणि म्हैसूर

पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी विश्वेश्वरय्यांचा परिचय झाला. देशाच्या दारिद्र्याचा विचार आकडे मांडून करावा, ही त्या मंडळींची रीत त्यांनाही मानवली. एडन येथील पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांसारखी कामेही त्यांच्याकडे आली. अनेक वरिष्ठांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या. परंतु मुख्य अभियंत्याचे सर्वोच्च पद भारतीय माणसाला मिळणे त्या काळी अशक्यप्राय होते. १९०८ च्या सुमारास त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले. निजाम सरकारने पूरनियंत्रणासाठी विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. मुसी आणि तिच्या उपनदीवर जलाशय बांधून पूर वरच अडवावा, अशी योजना त्यांनी दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव या विचारातून पुढे साकारले.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. खालच्या अंगाला मद्रास इलाखा होता आणि कावेरीच्या पाण्यावर त्याचाही हक्क होता. मद्रास सरकारने आधी कमी उंचीच्या धरणालाच संमती दिली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाला पेलेल असाच घातला. धरण पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. मंड्या परिसराचे रूप त्याने पालटले. त्याच्या पाण्याखाली अनेक गावेही गेली आणि तेथील कुटुंबांना दुसरीकडे वसावे लागले, हेही विसरता कामा नये.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत शिक्षणाचा प्रसार, हेब्बाळ येथील कृषिशाळा, बँक ऑफ म्हैसूर, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि चंदनतेलाचा कारखाना अशी कामे झाली. शेती, शिक्षण आणि उद्योग या तिन्ही गोष्टी एकत्र वाढल्या नाहीत तर खेड्याचे दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे मत होते. १९३४ साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेची मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांच्या कितीतरी आधीचा हा विचार होता.

८. एक मर्यादा

चरित्र वाचताना चरित्रनायकाच्या केवळ गुणांची यादी करून भागत नाही. दिवाणपद सोडण्यामागे त्यांची एक भूमिका होती. म्हैसूर संस्थानात मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात का, याचा विचार करण्यासाठी १९१८ मध्ये मिलर समिती नेमण्यात आली. विश्वेश्वरय्यांना हा मार्ग मान्य नव्हता. नोकऱ्या केवळ गुणवत्तेवर द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. राज्याचे धोरण वेगळ्या दिशेने जाताच त्यांनी पद सोडले.

याच काळातील कोल्हापूरकडे पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालीच आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. राधानगरी धरणाचे काम हाती घेणारेही शाहू महाराजच. एकाच पिढीत दोन माणसे धरणे बांधत होती. नीरेवर पाणी मुखाजवळच्या माणसाने अडवू नये यासाठी नियम केले पाहिजेत, हे विश्वेश्वरय्यांना उमगले होते. शिक्षण आणि नोकऱ्यांचा प्रवाहही शतकानुशतके मुखाजवळच्या जातींनी अडवून ठेवला होता. तिथेही नियम केल्यावाचून टेलपर्यंत काही पोहोचणार नव्हते. शाहू महाराजांनी हे ओळखले, विश्वेश्वरय्यांनी ओळखले नाही. यामुळे त्यांचे कर्तृत्व कमी ठरत नाही. पण त्यांच्या न्यायबुद्धीला कुठे कुंपण पडले होते, हे आपल्याला समजते.

९. त्यांच्या कामानंतरचा प्रश्न

ब्लॉक पद्धतीत पाणी जमिनीला मिळत होते. ज्याला जमीनच नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या योजनेत नव्हता. त्याचे उत्तर शोधणारा दुसरा अभियंता योगायोगाने त्याच पुरंदर तालुक्यात काम करत होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या आकारावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा ठेवायचा आणि उसासारखे अति पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, ही त्याची मुख्य तत्त्वे होती. विश्वेश्वरय्यांनी गावागावांत पाणी पसरवण्याचा हिशेब मांडला. साळुंखे यांनी तो माणसामाणसांपर्यंत नेला.

आता पुन्हा रोहिणखेडच्या परिसराकडे पाहू. कापूस, सोयाबीन आणि ज्वारीच्या या मुलखात कोणतेही तळे, बंधारा वा विहीर बांधली गेली तर तीन प्रश्न विचारावे लागतील. एक, आज आहे त्या साठ्यातून किती पाणी वाया जाते? हा खडकवासल्याचा प्रश्न आहे. दोन, कोणत्या जमिनीला किती पाणी सोसते? काळ्या जमिनीला अति पाणी दिले तर ती चिबड होते, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर क्षारांचे संकट आधीचेच आहे. हा नीरेचा प्रश्न आहे. तीन, टेलच्या माणसाला आणि भूमिहीनाला त्यात वाटा आहे का? हा नायगावचा प्रश्न आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंता देऊ शकतो. तिसऱ्याचे उत्तर गावाने द्यायचे असते.

१०. समारोप

१९५५ साली विश्वेश्वरय्यांना भारतरत्न देऊन गौरवण्यात आले. एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरू येथे, वयाची शंभरी गाठल्यानंतर, त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. विदर्भात नागपूरची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था त्यांचे नाव धारण करते.

विद्यार्थी मित्रहो, अभियंता दिनी सहसा त्यांची धरणे आठवली जातात. नीरेच्या काठावर बागायतदारांना पाण्याचा हिशेब समजावून सांगणारा अधिकारी मात्र क्वचितच कोणाला आठवतो. तुम्ही तो लक्षात ठेवा. आपल्या गावातील पाण्याची वही कोण लिहितो आणि त्यात कोणाचे नाव नाही, हे पाहण्याची दृष्टी या चरित्रातून मिळाली तर या घटकाचा हेतू सफल झाला असे समजावे.

शब्दार्थ

- चिबड : अति ओलाव्यामुळे निचरा न होणारी, नापीक होत जाणारी जमीन
- सांडवा : धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट
- चारी : कालव्यातून शेताकडे जाणारा लहान पाट
- पाटकरी : पाटाचे पाणी पाळीने देणारा माणूस
- झिरा : नदीच्या वाळूत उकरलेला पाण्याचा लहान खड्डा

स्वाध्याय

१. नीरा कालव्यावर पाण्याची कोणती अडचण होती आणि ब्लॉक पद्धतीने ती कशी सोडवण्याचा प्रयत्न झाला?

२. फड पद्धत आणि ब्लॉक पद्धत यांतील साम्य आणि भेद लिहा.

३. विश्वेश्वरय्या आणि राजर्षी शाहू महाराज यांच्या विचारांतील फरक आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. आपल्या गावातील दोन ज्येष्ठ शेतकऱ्यांशी बोलून पाणी देण्यासंबंधीचे किमान दहा शब्द गोळा करा. ‘दारे धरणे’, ‘पाळी’, ‘मोट’ यांसारख्या शब्दांचे अर्थ लिहा आणि त्यांपैकी कोणते शब्द आता वापरातून गेले आहेत ते नोंदवा.